मास्तरांची कंबर

माझा नवरा जाड व्हायला लागला तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता कुणी "पण तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" असं विचारायला नको. तो प्रश्न मला विचारून झालाय. मुलाने मागाहून विचारला, सुनेने तोंड न उघडता विचारला, डॉक्टरीण बाईंनी तर चष्मा कपाळावर चढवून विचारला. लक्षात आलं होतं. चांगलंच आलं होतं. मला ते बरं लक्षण वाटलं, एवढंच.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मधे अरुंद लाकडी जिना. नवरा कापड बेततो आणि कापतो, मुलगा मशीनवर बसतो, सून काजं-बटणं करते आणि बायकांची मापं घेते, आणि मी या तिघांकडे बघते. गिऱ्हाईक नवऱ्याला मास्तर म्हणतं, म्हणून चारचौघांत मीही मास्तरच म्हणते. ते मला मुकादम म्हणतात. लग्नानंतर कधीतरी चिडून म्हणाले होते, ते चिकटलं ते चिकटलंच.

घरात माझा एक नियम आहे. शिवणाऱ्याच्या घरातलं माणूस कधी आखूड, तंग किंवा ढगळ कपड्यात दिसता कामा नये. आपलीच माणसं बुजगावण्यासारखी हिंडली तर गिऱ्हाइकाने आपल्याकडे कापड का टाकावं? म्हणून धुवायला टाकण्याआधी घरातला प्रत्येक कपडा माझ्या हातून जातो. कॉलर झिजली की उलटवायची. पँटीची खालची मोहोरी घासली की दुमडून घ्यायची. कंबर तंग झाली की आतली माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जास्तीचं कापड, उसवायची आणि नवी टीप मारायची. तंग झालेली कंबर मला घालणाऱ्याच्या आधी कळते. काजाचं तोंड लांबतं, खिसे आ वासतात. विचारायचं नाही, सांगायचं नाही. माणसाने घातलं की बरोबर बसलं पाहिजे. माझा मुलगा मिसरूड फुटेपर्यंत असं समजत होता की कपडे आपोआप माणसाबरोबर वाढतात.

मास्तरांचं किडनीचं दुखणं जुनं. ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं, त्याने दोन्ही किडन्या हळूहळू निकामी होत चालल्यात, असं डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. मीठ कमी करा, अंगदुखीच्या गोळ्या बंद, ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नका, आणि दिलेल्या तारखेला रक्त तपासायला या. मी सांभाळलं. मीठ असं तोडलं की सून म्हणाली, "आई, आपल्या सगळ्यांच्याच किडन्या गेल्यात का हो?"

"जाऊ नयेत म्हणून," मी म्हटलं. "आणि तुझी जीभही जरा त्यात सुधारली तर बघते."

त्या दुखण्याने मास्तर वाळले. जेवायला बसले की ताटाकडे गिऱ्हाइकाने परत आणलेल्या शर्टासारखं बघायचे. मी पँटी आत घेत गेले, घेत गेले, शेवटी मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकायला आले. रात्रंदिवस मला तेच दिसायचं. माणूस आटतंय.

आणि मग ते भरायला लागले. आधी कंबर, मग मांड्या. मी आत घेतलेली माया सोडली, मग आणखी सोडली. गाल वर आले. गिऱ्हाईकं बोलायला लागली, "मास्तर, तब्येत सुधारली हो!" मी गल्ल्यावरून सांगायची, "घरचं खातात ना." मला मूठभर मांस चढायचं. त्यांना चढत होतं ते पाणी होतं.

तपासणीची तारीख आली तेव्हा मास्तर पट्टीने कापड आखत होते. मान वर न करता म्हणाले, "मुकादम, मी बरा दिसतोय ना?"

"दिसताय की."

"मग शाळेचे गणवेश हातावेगळे होऊ देत. ते झाले की जाऊ."

मी हो म्हटलं. ज्या घरात कुणी माझ्यासमोर नख वाढवायची हिंमत करत नाही, त्या घरात ती तारीख गेली. पुढचीही गेली. गणवेश संपले, मग रखवालदारांच्या कोटांचं काम आलं.

मधे मधे काही काही होत होतं. मास्तर एका उशीवर झोपायचे, ते दोन घ्यायला लागले, मग तीन. म्हणाले, गादीतला कापूस बसलाय. मी गादी उसवून कापूस पिंजून घेतला. मग खोकला आला. म्हणाले, कापडाचे तंतू जातात नाकात. मी दुकानाला ओलं फडकं मारून घेतलं, दोनदा. एके दिवशी सकाळी खाली गेले तर मास्तर कापायच्या टेबलावर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपलेले. कोटाच्या कापडाचा ताका उशाशी. मला वाटलं, कामाची ओढ. मी त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि सुनेला म्हटलं, "बघ, याला म्हणतात कष्ट." ती बघत राहिली. काही बोलली नाही. तेव्हा बोलली असती तर मी तिला बोलू दिलं नसतं, हेही खरं.

ज्या दिवशी सगळं कळलं तो अगदी साधा दिवस होता. दुपारचं ऊन दुकानाच्या फरशीवर आलेलं. मास्तरांसाठी नवी पँट शिवून झाली होती आणि मोहोरी किती ठेवायची ते बघायला मी त्यांना लाकडी खोक्यावर उभं केलं. तोंडात टाचण्या धरून मी खाली बसले. पँटीची किनार घोट्यावर धरली आणि अंगठ्याने दाबून टाचणी टोचायला गेले. अंगठा आत गेला.

कापड दाबलं की वर येतं. चांगलं लोकरीचं असेल तर बोट उचलायच्या आत येतं. मी अंगठा काढला. मोजा खाली केला. पायावर खड्डा होता. मी वाट बघितली. खड्डा तसाच. पाण्याने भिजलेल्या कापसात बोट घालून काढावं तसा.

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अहो, हे काय?"

"काय?"

"पाय."

"पायच आहे तो. लग्नात दोन दिले होते, दोन्ही आहेत का बघ."

मी जरा वर दाबलं. तिथेही खड्डा. आणखी वर, नडगीवर, गुडघ्याखाली. जिथे दाबीन तिथे माझा अंगठा उमटत होता. इतके आठवडे मी जी माया सोडत होते ती कशासाठी सोडत होते ते मला त्या खड्ड्यात दिसलं. ते मांस नव्हतं.

"वर चला," मी म्हटलं. "पडा जरा. मी पोराला गाडी आणायला सांगते."

"कशाला गाडी? दोन कोट कापायचेत."

"वर चला म्हटलं ना."

ते जिन्याकडे गेले. मी मागे. अर्ध्या जिन्यावर ते थांबले, कठडा धरला आणि बसले. मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांची सवयच आहे तशी. पण श्वास ऐकू यायला लागला. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री टेकवल्यावर जसा आवाज येतो तसा, प्रत्येक श्वासाला. ओठांचा रंग मला ओळखीचा वाटेना.

"बोला ना काहीतरी," मी म्हटलं.

त्यांनी बोट वर केलं, म्हणजे थांब. माझा नवरा बोलायचं सोडून थांब म्हणतोय हे मी उभ्या जन्मात पहिल्यांदा बघितलं. मी मुलाच्या नावाने ओरडले. माझा आवाज मलाच परका वाटला.

मुलाने आणि सुनेने त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली आणलं. सुनेने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि गाडीत मागे बसून त्यांना स्वतःच्या अंगावर टेकवून धरलं, कारण आडवं केलं की ते बुडल्यासारखे हातपाय झाडत होते. मी पुढे बसले. मागे वळून बघवेना आणि पुढेही बघवेना.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दंडाला पट्टा, छातीवर तारा. हातातून इंजेक्शन दिलं, लघवी होऊन पाणी निघावं म्हणून. पलंगाच्या दांड्याला लघवीची पिशवी अडकवली. डॉक्टरीण बाई आल्या, त्यांनी पाय दाबून बघितला, पाठीला कान लावल्यासारखं बराच वेळ ऐकलं, मग आम्हाला बाजूला घेतलं.

"सूज कधीपासून आहे?"

"सूज नव्हती," मी म्हटलं. "अंग भरलं होतं."

"आजी, इतकं पाणी एका दिवसात साठत नाही. कपडे घट्ट झाले असतील की. लक्षात कसं आलं नाही?"

माझा मुलगाच बोलला. "आमच्याकडे कपडे घट्ट होत नाहीत, डॉक्टर." माझ्याकडे न बघता बोलला. त्याने मला काही म्हटलं नाही आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

बाईंनी सांगितलं ते मी जसं समजले तसं लिहिते. किडनीने पाणी बाहेर टाकलं नाही की ते रक्तात साठतं. वाढलेलं सगळं रक्त ढकलायचं काम हृदयाला. ब्लडप्रेशरने त्याची भिंत आधीच जाड झालेली, त्यात शरीरातली घाण साठून रक्तवाहिन्या कडक. ढकलून ढकलून ते दमलं. दमलं तसं पाणी मागे तुंबलं आणि फुफ्फुसात उतरलं. आणि दमलेलं हृदय किडनीला रक्त पुरवेना, म्हणून किडनी आणखी बसली. एकाने दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्याने पहिल्याला.

"पण त्यांना हृदयाचं काही नाही," मी म्हटलं. "आमचं किडनीचं आहे." दुसऱ्याच कुणाचा कपडा चुकून आपल्या गाठोड्यात आल्यावर सांगावं तसं मी सांगत होते.

"या आजारात किडनीने जाणाऱ्यांपेक्षा हृदयाने जाणारे जास्त असतात, आजी. पहिल्या भेटीत मी हे बोलले होते."

बोलल्या असतील. मला त्यातलं मीठ तेवढं ऐकू आलं होतं. मिठाचं मला काही करता येत होतं.

मग आम्ही त्या पिशवीकडे बघत बसलो. मुलगा उभा, सून उभी, मी बाकावर. पिशवीवर मापाच्या रेघा होत्या. आयुष्यभर मी मापं बघितली, पण अशी नजर लावून एखाद्या रेघेकडे कधी बघितलं नव्हतं. नळीतून थेंब यायचा, थांबायचा. गडद, चहासारखा. मी मनात म्हणत होते, ये, ये, ये. गाईला चुचकारावं तसं. परिचारिकेने दुसरं इंजेक्शन दिलं. पिशवीच्या तळाशी बोटभर साचलं आणि तेवढंच राहिलं.

डॉक्टरीण बाई परत आल्या. या वेळी त्यांनी चष्मा हातात धरला होता.

"इंजेक्शनला किडनी साथ देत नाहीये. रक्तात पोटॅशियम चढतंय. ते चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी सरळ थांबतात. मशीन लावायला हवं. डायलिसिस. आत्ता."

"मग लावा," मुलगा म्हणाला.

"ते सोपं नाही. हृदय इतकं अशक्त आहे की मशीनने पाणी काढताना ब्लडप्रेशर कोसळू शकतं. आम्ही अगदी हळू काढू. पण धोका आहे, तो तुम्हाला माहीत असायला हवा."

"आणि नाही लावलं तर?" मी विचारलं.

त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही लावलं तर धोक्याचा प्रश्नच उरत नाही."

मला त्यांची एक गोष्ट पटली, त्यांनी मला उगाच थोपटलं नाही. किडनी वाचवायला जावं तर हृदय मधे, हृदय वाचवायला जावं तर रस्ता किडनीतून. आयुष्यात जिथे अडलं तिथे मी कोपर मारून वाट काढली. इथे कोपर मारायला भिंतच सापडेना.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "ते पूर्ण शुद्धीवर आहेत आणि ते नको म्हणतायत. दोनदा विचारलं. कुणीतरी बोला त्यांच्याशी. वेळ फार नाही."

मुलगा आत गेला. काचेतून दिसत होतं, तो हात जोडतोय आणि मास्तर मान हलवतायत. बाहेर आला तेव्हा चेहरा लहानपणी हरवून सापडला होता तेव्हासारखा. "आई, तूच जा. तुझं ऐकतात."

माझं सगळेच ऐकतात. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली. मी सांगेन ते होईल आणि ते झाल्यावर काय होईल?

मी आत गेले, पलंगाच्या दांड्याला धरून उभी राहिले. मास्तर अर्धे बसलेले. डोक्यामागच्या पडद्यावर त्यांचे ठोके हिरव्या रेघेत पळत होते, मधेच एखादा ठेचकाळायचा आणि माझा जीव तिथे अडकायचा.

"नको म्हणजे काय हो?" मी म्हटलं. "विचारतंय कोण तुम्हाला?"

त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला. एका श्वासात दोन-तीन शब्द येत होते, मधे थांबून. "मुकादम. त्या हेडमास्तरांचा... शर्ट."

मला कळलं. आमच्याकडे एक हेडमास्तर यायचे, या डायलिसिसच्या मशीनवरचे. डाव्या हाताची शीर सुया टोचायला मोठी केलेली, दोरखंडासारखी वर आलेली. त्यांच्या शर्टाची डावी बाही मास्तर रुंद कापायचे. पहिल्यांदा माप घेताना मास्तरांचा हात त्या शिरेला लागला आणि ते दचकले होते, आत माशी कोंडल्यासारखं गुणगुणत होतं म्हणाले. हेडमास्तर हसले होते. मग एक शर्ट न्यायला ते आलेच नाहीत. मशीनवर असतानाच गेले, असं कुणीतरी सांगितलं. किडनीने नाही, हृदय थांबलं. शर्ट अजून दुकानात खुंटीवर आहे. डावी बाही रुंद. मी कितीदा म्हटलं काढा तो, मास्तर काढू देत नाहीत.

"त्यांचं वेगळं, तुमचं वेगळं," मी म्हटलं. मला त्यातलं काय माहीत होतं?

"मशीनवरच... संपायचं असेल," मास्तर म्हणाले, "तर इथे बरा."

"इथे बरे? असे? हा श्वास बरा?" माझा आवाज चढला. परिचारिकेने वळून बघितलं. मी तिच्याकडे असं बघितलं की ती परत वळली. "तारखेला आलो असतो तर ही वेळ आली नसती. मला वाटलं तुम्ही बरे होताय. मी मूर्खासारखी माया सोडत बसले, आणि तुम्हाला तरी कळायला नको? कंबर तुमची की माझी?"

मास्तर हळूच म्हणाले, "मला... कंबरेचं माप कळत नाही होय?"

मी मास्क त्यांच्या तोंडावर परत सरकवला, त्यांनी तो पुन्हा बाजूला केला.

"दर आठवड्याला... पँट सैल होऊन यायची. बोट फिरवलं की जुन्या टिपेची भोकं लागायची." श्वास घेतला. पुन्हा घेतला. "मला ठाऊक होतं. बाई म्हणाल्या असत्या... मशीन. म्हणून गणवेश, म्हणून कोट. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुलाही कळलंय. तुलाही भीती वाटते, म्हणून तू... गुपचूप सैल करतेस."

मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. एका घरात, एका टेबलापाशी, मी त्यांना बरं होताना बघत होते आणि ते मला घाबरताना बघत होते, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. मधे ती पँट इकडून तिकडे जात होती.

"मला कुठली भीती?" मी म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. हे वाक्य मी जन्मभर म्हणत आलेय. सासरे गेले तेव्हा, दुकान जळालं तेव्हा, मुलाला तापात झटके आले तेव्हा. माझ्या तोंडून दुसरं काही कुणी ऐकलेलं नाही.

पडद्यावर एक ठोका ठेचकाळला. रेघ सपाट गेली, मी श्वास धरला, मग परत वर आली.

"तेव्हा नव्हती," मी म्हटलं. "आत्ता आहे."

त्यांनी भुवया वर केल्या.

"ऐकू आलं का? मला भीती वाटते. गुडघे लटपटतायत म्हणून हा दांडा धरून उभी आहे, नाहीतर तुमच्या अंगावर पडेन. मशीनवर तुम्हाला काही झालं तर मी काय करू मला माहीत नाही. आणि नाही लावलं तर काय होईल ते माहीत आहे. मला माहीत नसलेली भीती चालेल. माहीत असलेली नको. मी सांगत नाहीये तुम्हाला. मागतेय."

मला वाटलं ते काहीतरी थट्टा करतील. त्यांनी केली नाही. माझ्या हातावर हात ठेवला. त्यांची बोटं इतकी सुजलेली होती की कातरीच्या कड्यात शिरली नसती, आणि हे मी आत्तापर्यंत बघितलं नव्हतं.

"रडतेस काय," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बघतंय."

"बघू दे."

त्यांनी दाराकडे मान वळवली. म्हणाले, "बोलव बाईंना."

मानेतून जाड नळी घातली. मला बाहेर काढलं. मग पलंग ढकलत लांबच्या बोळातून एका खोलीकडे नेला. मी पलंगाबरोबर पळत होते. चाकाचा कुरकुर आवाज, पिशवी हेलकावे खात होती. दाराशी मला थांबवलं. सून माझा दंड धरायला आली, मी झिडकारला, मग माझा मीच परत तिच्या हातात दिला.

दाराला डोळ्याच्या उंचीवर गोल काच होती. म्हणजे उंच माणसाच्या डोळ्याच्या. मी टाचा उंचावून बघत उभी राहिले. आत ओळीने पलंग, प्रत्येकाशेजारी एक मशीन, लाल नळ्या फिरतायत. माणसं पडून होती, एकजण वर्तमानपत्र वाचत होता. मला त्याचा राग आला. मग वाटलं, वाचतोय म्हणजे सवय होते. सवय व्हायला आधी माणूस उरावं लागतं.

मास्तरांच्या मानेतून रक्त निघून नळीतून फिरायला लागलं. काचेतून ते रक्त मला दिसत होतं. माझ्या नवऱ्याचं रक्त असं उघड्यावर फिरतंय आणि मी दाराबाहेर. मुलगा कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बसला होता. मी त्याला उठ म्हटलं नाही.

मशीनवरचा दिवा पिवळा झाला. मग वाजायला लागलं. परिचारिका आली, दुसरी आली, त्यांनी पलंगाचं डोकं खाली केलं, पाय वर केले. डॉक्टरीण बाई दुसऱ्या दाराने जवळजवळ धावत आल्या. "खाली गेलंय," कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काढणं थांबवा, थांबवा." मास्तर त्यांच्या पाठींच्या आड गेले. मला एक पाय दिसत होता. नुसता एक सुजलेला पाय, चादरीबाहेर. तो हलतोय का ते मी बघत होते. सून मागून विचारत होती, "आई, काय झालं? आई, सांगा ना." माझ्या तोंडाला, जे कधी बंद होत नाही म्हणतात त्या तोंडाला, कुणी टाके घातल्यासारखं झालं होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाईंचे खांदे खाली आले. एक परिचारिका बाजूला झाली. आवाज थांबला. दिवा हिरवा झाला, मशीन परत फिरायला लागलं, पहिल्यापेक्षा सावकाश. मास्तरांचा चेहरा दिसला, चुन्यासारखा पांढरा, पण डोळे उघडे. ते दाराकडे बघत होते. काचेकडे. मग त्यांनी हात उचलला, जरासा, चादरीवरून दोन बोटं वर येतील इतका.

बोलावतायत की जा म्हणतायत, कळेना. मी दार ढकललं.

"आजी, बाहेर थांबा," परिचारिका म्हणाली. "इथे नातेवाईक चालत नाहीत."

"मी नातेवाईक नाही, बायको आहे."

"तेच ते. संसर्ग होतो, बाहेर थांबा. काही लागलं तर आम्ही आहोत ना? ते ठीक आहेत. तुम्ही घाबरून त्यांनाही घाबरवाल."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण पलंगावरून आवाज आला, अगदी बारीक. वर्तमानपत्रवाल्यानेही पान खाली केलं.

"असू द्या तिला," मास्तर म्हणाले. "ती नाही घाबरलेली." थांबले. श्वास घेतला. तो श्वास जरा कोरडा झाला होता, मला ऐकू आला. "मी घाबरलोय."

परिचारिकेने डॉक्टरीण बाईंकडे बघितलं. बाईंनी मला हात धुवायची जागा दाखवली, कोपरापर्यंत धुवा म्हणाल्या. मी धुतले. तोंडाला बांधायला कापड दिलं, ते बांधलं. त्याची शिवण वाकडी होती, तरी मी काही बोलले नाही.

पलंगाशेजारी कुणीतरी स्टूल आणून ठेवलं. मी बसले आणि त्यांचा हात धरला, आणि त्या लाल नळ्या फिरताना बघत राहिले.